घरची दुरुस्ती : आधी निदान, मग हत्यार

घरातील किरकोळ बिघाडांविषयी वाचक जी विचारणा वारंवार करतात, तिचा सूर बहुधा एकच असतो. नळाचा वायसर बदलला तरी पाणी ठिबकतेच. गेल्या दिवाळीत भिंतीला उत्तम प्रतीचा रंग दिला, तरी श्रावणात त्याच जागी पोपडे सुटले. एमसीबी वर केला की पुन्हा खाली पडतो. आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी ‘आमच्याकडे सगळे कोरडे ठणठणीत आहे’ एवढे सांगून दार लावून घेतात. या तक्रारी नीट तपासून पाहिल्या, तर असे आढळते की काम करणाऱ्याच्या हाताला कसब नव्हते असे क्वचितच घडलेले असते. बहुतेक वेळा काम चांगले झालेले असते, पण ते भलत्याच जागी झालेले असते.

म्हणून पक्कड किंवा पाना हाती घेण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. बिघाड नेमका कोठे आहे? तो आपल्या हाताने दुरुस्त करण्याजोगा आहे का? आणि त्याचा खर्च वस्तुतः कोणाच्या माथी आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळवण्याची रीत प्रस्तुत लेखात क्रमाने दिली आहे.

कोठे हात घालावा आणि कोठे घालू नये

घरची कामे स्वतः करण्याची हौस स्तुत्य आहे. परंतु काही कामांत चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही, हे ध्यानात ठेवून आरंभीच सीमारेषा आखून घ्यावी.

आपण निःशंकपणे करू शकाल अशी कामे :

- नळाचा वायसर, शॉवरची जाळी, फ्लश टाकीतील सुटे भाग बदलणे
- सिंकखालचा बाटलीच्या आकाराचा ट्रॅप उघडून साफ करणे
- फरशांच्या सांध्यांत नवे ग्राउट भरणे
- बिजागऱ्या, कड्या, कोयंडे घट्ट करणे
- पोपडे खरवडून पुट्टी व रंग लावणे, अर्थात ओल थांबल्यानंतरच

जाणत्या कारागिरावरच सोपवावीत अशी कामे :

- वायरिंग, स्विचबोर्ड, अर्थिंग आणि गिझरची आतील दुरुस्ती. यांसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवावा
- वीजमीटर व त्याचे सील. यास हात लावणे हा विद्युत अधिनियम, २००३ अन्वये गुन्हा ठरू शकतो
- गॅसचा रेग्युलेटर, शेगडी व नळी यांतील कोणताही बिघाड
- तुळई, खांब, स्लॅब यांना भोक, खाच किंवा तोडफोड

गॅसचा वास आल्यास कोणताही दिवा लावू नये आणि लावलेला विझवूही नये, कारण बटणाच्या ठिणगीनेच भडका उडू शकतो. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून खिडक्यांबरोबर दारेही उघडी टाकावीत, रेग्युलेटर बंद करावा, घराबाहेर पडावे आणि मग १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. गळतीची शंका असेल तर नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून पाहण्याचा अघोरी प्रकार कदापि करू नये.

ठिबकणारा नळ : पाणी कोठून येते ते आधी पाहा

‘नळ गळतो’ हे वर्णन अपुरे आहे. नळ कोरड्या फडक्याने पुसून दोन मिनिटे त्याकडे लक्षपूर्वक पाहिले, तर तीनपैकी एक गोष्ट दिसून येईल, आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

1. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडतात. जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे देऊन बंद होणाऱ्या नळात हा वायसरचा दोष असतो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसून सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि ते संपूर्ण बदलावे लागते.
2. नळ उघडा असताना मुठीच्या भोवतीने पाणी पाझरते. येथे वायसर बदलून काहीच साधणार नाही. दोष स्पिंडलभोवतीच्या ओ-रिंगचा किंवा पॅकिंगचा असतो.
3. भिंतीलगतच्या आट्यांतून पाणी झिरपते. नळ काढून, जुनी टेफ्लॉन टेप पूर्ण खरवडून, नवी टेप आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून गुंडाळावी. आट्यांचे टोक आपल्याकडे धरले असता टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली पाहिजे; उलट गुंडाळलेली टेप नळ बसवताना गोळा होऊन बाहेर येते.

वायसर बदलताना आधी त्या नळाचा अँगल कॉक किंवा घराचा मुख्य कॉक बंद करावा आणि नळ उघडून शिल्लक पाणी काढून टाकावे. बेसिनच्या भोकात फडक्याचा बोळा घालावा, नाहीतर मुठीचा बारीक स्क्रू पहिल्याच झटक्यात मोरीची वाट धरतो. मूठ काढून खालची षट्‌कोनी नट पान्याने सोडवली की स्पिंडल वर येते आणि तिच्या बुडाशी रबराची ती चकती दिसते. तिच्यावर वर्तुळाकार खोल वळ उमटलेला असेल तर निदान बरोबर आहे, असे समजावे. जुनी चकती खिशात घालूनच दुकानात जावे. मापाविना आणलेला वायसर बसत नाही.

येथे बहुतेकांकडून एक गोष्ट राहून जाते. स्पिंडल निघालेली असतानाच, ज्या पितळी बैठकीवर वायसर टेकतो तिच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. ती कड गुळगुळीत न लागता खडबडीत किंवा चरे पडलेली लागली, तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. क्षाराचा थर असेल तर तो व्हिनेगरने विरघळवता येतो. कडच झिजली असेल तर नवा नळ घेणे हेच अखेरीस स्वस्त पडते.

हा खटाटोप कशासाठी, असे वाटत असेल तर नळाखाली मापाचा पेला ठेवून तासाभराने पाहावे. २०० मिलिलिटर पाणी साचले असेल, तर दिवसाला सुमारे ४.८ लिटर आणि वर्षाला सुमारे १,७५० लिटर पाणी वाया जात आहे, असा त्याचा अर्थ होतो.

फ्लश टाकी आणि तुंबलेली मोरी

फ्लश टाकीची गळती आवाज न करता चालते, म्हणून ती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे किंवा निळीचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये; कमोडमधील पाण्याला रंग चढला, तर टाकीच्या तळाशी असलेले रबरी सील निकामी झाले आहे. याउलट पाणी उभ्या नळीच्या वरच्या तोंडातून सतत आत पडत असेल, तर दोष फ्लोट व्हॉल्वचा असतो, आणि अनेकदा फ्लोट थोडा खाली सरकवल्यानेच तो दूर होतो.

तुंबलेल्या सिंकसाठी आधी रबरी पंप वापरावा, मग ट्रॅपखाली बादली ठेवून तो हाताने उघडावा. रासायनिक चूर्णे व आम्ले हा शेवटचा उपाय होय, आणि त्यातही एक कडक ताकीद आहे : आम्ल आणि ब्लीच ही द्रव्ये एकापाठोपाठ एक कधीही ओतू नयेत, कारण त्यांच्या संयोगाने विषारी क्लोरिन वायू निर्माण होतो.

गावाहून परतल्यावर न्हाणीघरात दुर्गंधी येत असेल, तर ती बहुधा तुंबल्याची खूण नसते. नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी कायम साचलेले असते, तेच गटारातील वायू अडवून धरते. ते सुकले की वाट मोकळी होते. तांब्याभर पाणी ओतावे. प्लंबर बोलावण्याची तसदी घेण्याचे कारण उरत नाही.

एमसीबी वारंवार पडतो तेव्हा

एमसीबी पडणे हा बिघाड नव्हे, बिघाडाची वर्दी होय. म्हणून ती देणाऱ्याला दोष न देता आपण तिचा उलगडा करावा. त्यासाठी बोर्ड उघडण्याची मुळीच आवश्यकता नाही.

1. त्या भागातील सर्व उपकरणांचे प्लग काढून टाका आणि बटणे बंद करा.
2. एमसीबी वर करा. काहीही जोडलेले नसताना तो तत्काळ पडला, तर दोष वायरिंगमध्ये आहे. येथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.
3. तो टिकला, तर एकेक उपकरण जोडून चालू करा. ज्या उपकरणाच्या वेळी तो पडेल, दोष त्यात आहे.
4. सर्व उपकरणे सुरळीत चालून काही मिनिटांनी तो पडत असेल, तर भार अधिक झाला आहे.

भाराचा हिशेब अवघड नाही. उपकरणावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्यास २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २,००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो आणि १,००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३, दोन्ही एकाच १० अँपिअरच्या एमसीबीवर असतील, तर १३ अँपिअरचा भार पाहून तो पडणारच. अशा वेळी ‘मोठा एमसीबी बसवून टाका’ असा सल्ला देणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये. एमसीबीची क्षमता भिंतीतील तारेच्या जाडीनुसार ठरवलेली असते. तार तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर तो न पडता तार तापत राहते, आणि घराला आग लागण्याची सिद्धता आपणच करून ठेवतो.

एमसीबी जागेवर असून आरसीसीबी पडत असेल, तर प्रकार निराळा आहे. वीज जमिनीकडे गळत असल्याचे ते लक्षण असून गिझरचे एलिमेंट किंवा ओल शिरलेला बोर्ड हे तिचे नेहमीचे संशयित होत. घरगुती आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअर इतक्या अल्प गळतीलाही प्रवाह तोडतो, म्हणजे तो माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेला असतो; त्याचा त्रास होतो म्हणून त्याला बगल देऊन जोडणी करवून घेणे हा निव्वळ आत्मघात आहे. त्यावरील ‘टेस्ट’ लिहिलेले बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही याची खात्री करावी.

टेस्टरविषयीही एक गैरसमज आहे. त्यातील दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे निश्चित मानता येत नाही. टेस्टर बिघडलेला असू शकतो, उजेडात दिवा दिसत नाही, आणि न्यूट्रल तुटल्याचे तर तो दाखवतच नाही. साधा दिवा बदलायचा असला तरी मेन स्विच बंद करणे हाच एक भरवशाचा मार्ग आहे. तसेच जुन्या घरांत लाल तार फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, हा संकेत वायरमनने पाळला असेलच, यावर विसंबू नये.

भिंतीची ओल : रंगारी सर्वांत शेवटी

आपल्याकडे घरदुरुस्तीवर जो पैसा व्यर्थ जातो, त्याचा मोठा वाटा ओलीवर रंग फासण्यात जातो. ओल ही जेथे दिसते तेथेच उगम पावते असे नाही. पाणी स्लॅबमधून, पाइपलगत, विटांच्या सांध्यांतून वाट काढत दोन-तीन फूट अंतरावर प्रकट होते. म्हणून प्रथम तिचे वेळापत्रक टिपावे. भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

- केवळ पावसाळ्यात वाढते, हिवाळ्यात सुकते : बाहेरील भिंतीची भेग, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासावे.
- बारा महिने सारखी राहते : पाण्याचा पाइप गळत असण्याचा संभव मोठा. रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपावा आणि पहाटे कोणी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल, तर मीटरनंतर कोठेतरी गळती आहेच.
- न्हाणीघराच्या वापराबरोबर कमीजास्त होते : फरशांचे सांधे, नहाणी ट्रॅपभोवतीची जागा किंवा सांडपाण्याचा पाइप यांत दोष आहे.
- तळमजल्यावर जमिनीपासून वर चढते : जमिनीतील ओलावा पायथ्यातून वर शोषला जात आहे, येथे सहसा भिंतीच्या खालच्या तीनेक फुटांत पांढरा लोणा फुललेला दिसतो.
- कपाटामागे, कोपऱ्यात काळी बुरशी, पण भिंत फुगलेली नाही : ही गळती नसून कोंदट हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमत असावे.

शेवटच्या प्रकाराची शंका फेडण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. फूटभर लांबरुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीकडील अंगाला जमले, तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील अंगाला जमले, तर हवेतून. कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे आणि वारा खेळता ठेवणे एवढ्यानेही जे काम होते, त्यासाठी लोक हजारो रुपयांचे वॉटरप्रूफिंग करून बसतात.

वरच्या न्हाणीघरावर संशय असेल, तर शेजाऱ्यांशी वाद घालण्यापूर्वी त्यांच्या संमतीने एक चाचणी करावी. नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर बोटभर पाणी चोवीस तास साठवून ठेवावे आणि खालून छताकडे लक्ष ठेवावे. छत ओले झाले, तर फरशीचे सांधे किंवा तिच्याखालचे वॉटरप्रूफिंग निकामी आहे. कोरडे राहिले, तर सांडपाण्याचा पाइप तपासण्याची पाळी येते. पाण्याचा रंग ओळखता यावा म्हणून त्यात थोडी नीळ मिसळली, तर पुढे ‘हे पाणी आमचे नव्हेच’ असे म्हणायला जागा राहत नाही.

सांध्यांतूनच पाणी मुरत असेल, तर सारी फरशी उखडण्याआधी जुने ग्राउट खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून पाहावे. खर्च अल्प असतो. मूळ गळती थांबल्यानंतर भिंत सुकण्यास काही आठवडे, जाड भिंतीस काही महिनेही लागतात. या काळात भिंत उघडीच ठेवावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा, पाण्याने धुऊ नये. धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. सुटलेला गिलावा काढून नवा करावा, मग पुट्टी, मग प्रायमर, आणि रंग त्यानंतर.

भेगा : कोणती निरुपद्रवी, कोणती नव्हे

गिलाव्यावरील केसासारख्या, वेड्यावाकड्या भेगा गिलावा आकसल्याने पडतात. त्या भरून टाकाव्यात. परंतु पुढील लक्षणे दिसल्यास पुट्टी भरून ती झाकण्याचा मोह टाळावा :

- दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि रुंदावत जाणारी भेग
- तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीने सरळ गेलेली भेग, तिच्यालगत तांबूस डाग
- काँक्रिटचे पापुद्रे निसटून आतील गंजलेली सळई दिसणे

सळई गंजली की फुगते आणि सभोवतालचे काँक्रिट फोडते. ही स्थिती घरगुती दुरुस्तीच्या कक्षेबाहेरची असून गृहनिर्माण संस्थेच्या निदर्शनास लेखी आणून देणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी, व त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करवून घ्यावयाची असते. आपल्या इमारतीची अशी तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारण्याचा सभासद म्हणून आपणांस पूर्ण अधिकार आहे.

दारे, बिजागऱ्या आणि भिंतीतील भोके

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीला घासू लागले, की सुतार बोलावून त्यावर रंधा मारून घेण्याची घाई अनेक जण करतात, आणि माघात त्याच दाराला बोटभर फट पडलेली पाहून हळहळतात. आधी बिजागऱ्या पाहाव्यात. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाल्यानेही दार झुकून खाली घासते. स्क्रूचे भोक मोठे झाले असेल, तर त्यात फेविकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून, वाळल्यावर उरलेले टोक कापून, पुन्हा स्क्रू पिळावा. दार खरोखरच फुगले असेल, तर पाऊस सरेपर्यंत थांबावे. मग तासावेच लागले तर तासून, उघड्या पडलेल्या कडेला, विशेषतः दाराच्या वरच्या व खालच्या काठाला, रंग किंवा पॉलिश द्यावे, कारण ओलावा तेथूनच आत शिरतो. चौकटीवर मातीच्या बारीक वाटा दिसल्या, तर ते वाळवीचे काम आहे. ती वाट पुसून टाकल्याने वाळवी जात नाही, फक्त तिचा माग नाहीसा होतो.

भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवू नये. तारा व पाइप बहुधा याच रेषांनी गेलेले असतात. प्लग आणि ड्रिलचे पाते एकाच मापाचे घ्यावे : ६ मिलिमीटरच्या प्लगला ६ मिलिमीटरचेच पाते. भोकातील भुकटी झटकून मगच प्लग ठोकावा. फळी काही दिवसांत सैल पडते, ती अनेकदा या भुकटीपायीच.

कारागीर बोलावताना

1. लक्षणे सांगावीत, उपाय सांगू नये. ‘वायसर बदलून द्या’ म्हटले की कारागीर वायसर बदलून जातो. ‘नळ बंद असताना तोंडातून पाणी गळते’ म्हटले की तो कारण शोधतो.
2. मोठ्या कामासाठी किमान दोघांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात सामानाचे नाव व प्रत, मजुरी, मुदत आणि राडारोडा कोण उचलणार, हे स्वतंत्रपणे लिहिलेले असावे.
3. संपूर्ण मोबदला आगाऊ देऊ नये. वॉटरप्रूफिंगच्या कामात काही रक्कम पाणी साठवण्याची चाचणी यशस्वी होईपर्यंत राखून ठेवावी, आणि ही अट काम सुरू होण्याआधी लिहून घ्यावी.
4. काढलेले जुने भाग ताब्यात घ्यावेत. खरोखर काय बदलले याचा पुरावा तोच असतो.
5. भिंत किंवा फरशी बुजवण्यापूर्वी आतील पाइप व तारांची छायाचित्रे शेजारी टेप धरून काढावीत. पुढच्या वेळी भोक कोठे पाडू नये, ते त्यावरून कळेल.
6. हमीपत्राच्या मुदतीत असलेले उपकरण बाहेरच्या कारागिराकडून उघडू नये. हमी रद्द होण्याचा धोका असतो.

खर्च कोणाचा, हक्क कोणते

गृहनिर्माण संस्थेत. आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरील भिंती, सामायिक पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप, पावसाच्या पाण्याची गळती, आणि गच्चीतून झालेल्या गळतीमुळे बिघडलेले वरच्या मजल्यावरील सदनिकेचे छत, यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. उपविधींत संस्थेकडे न सोपवलेली अंतर्गत दुरुस्ती ज्या त्या सभासदाची असते. म्हणजे वरच्या न्हाणीघरातील फरशीतून पाणी येत असेल, तर जबाबदारी सामान्यतः वरच्या सभासदाची. तो पाहणीस हरकत घेत असल्यास आपण त्याच्या दारात भांडण उभे न करता संस्थेच्या सचिवांकडे लेखी अर्ज करावा. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याची व दुरुस्तीची नोटीस देण्याची तरतूद आदर्श उपविधींत आहे. आपल्या संस्थेने स्वीकारलेली उपविधींची प्रत मात्र आधी वाचून घ्यावी. तरीही तड न लागल्यास एक गोष्ट ध्यानी ठेवावी, की गळती व दुरुस्तीचा तंटा हा आदर्श उपविधींनुसार सहकार न्यायालयाच्या कक्षेत येतो; तो घेऊन उपनिबंधकांच्या कचेरीत हेलपाटे घालण्यात वेळ दवडू नये.

नव्या घरात. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिल्यास तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे त्यास बंधनकारक आहे. म्हणून घर नवे असताना ओल दिसली, तर स्वतः दुरुस्ती करण्यापूर्वी छायाचित्रांसह लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी. घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे मूळ दोषाचा पुरावाच नाहीसा होतो. विकासकाने दाद दिली नाही, तर महारेराकडे तक्रार दाखल करता येते.

भाड्याच्या घरात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करवून खर्च भाड्यातून वळता करून घेऊ शकतो. मात्र ही वजावट एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांनी हा मार्ग आपणांस खुला आहे असे गृहीत धरू नये. त्यांच्याबाबतीत करारनाम्यातील दुरुस्तीचे कलमच प्रथम पाहिले जाते. म्हणून सही करण्यापूर्वी लहान व मोठ्या दुरुस्त्या कोणाकडे, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.

कारागिराने किंवा कंपनीने काम बिघडवल्यास. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. अनेक तंटे तेथेच मिटतात. वीजपुरवठ्यासंबंधीच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. पावती नसेल, तर यांपैकी कोणतीही वाट बिकट होते, म्हणून ‘बिलाशिवाय थोडे स्वस्त पडेल’ या आमिषाला बळी पडू नये.

आज करून ठेवण्याजोगे

बिघाड होण्याची वाट न पाहता आपण एका सवडीच्या सकाळी पुढील कामे उरकून टाकावीत :

- घराचा मुख्य पाण्याचा कॉक व मेन स्विच कोठे आहेत, ते घरातील प्रत्येकास, मुलांना व वडीलधाऱ्यांनाही, प्रत्यक्ष दाखवून ठेवावे. अनेक वर्षे न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम झालेला सापडतो; म्हणून तो फिरवून पाहावा.
- प्रत्येक एमसीबीखाली तो कोणत्या खोलीचा, हे कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवावे.
- गॅसच्या नळीवर छापलेले वर्ष पाहावे आणि तिची मुदत संपली असल्यास एजन्सीकडून ती बदलून घ्यावी.
- एका वहीत बिघाडाची तारीख, लक्षण, केलेला उपाय, कारागीर व खर्च यांची नोंद ठेवावी आणि पावत्या तीतच चिकटवाव्यात.

या वहीचा उपयोग दुहेरी आहे. तीच ओल तीन वर्षे त्याच महिन्यात आल्याचे त्या नोंदींतून दिसले, की कारागिराला भिंत फोडण्याआधीच पुष्कळसे कळून चुकते. आणि प्रकरण संस्थेपुढे किंवा आयोगापुढे गेले, तर तारखांनिशी लिहिलेल्या चार ओळींना तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी अधिक वजन येते.